शिकवणाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा?

दक्षिण दिल्लीत हौज खासपासून वसंत कुंजपर्यंतचा पट्टा काही किलोमीटरचाच आहे. त्यात आयआयटी दिल्ली आहे. तिच्या शेजारी एनसीईआरटी आणि ‘नीपा’, म्हणजे शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची राष्ट्रीय संस्था आहे. जुन्या जेएनयूच्या आवारात केंद्र सरकारची सचिवालय प्रशिक्षण संस्था आहे, पुढे आजचे जेएनयू, आणि त्याच्या कडेला नेल्सन मंडेला मार्गावर एआयसीटीईचे मुख्यालय. शिक्षण आणि प्रशासन या क्षेत्रांतल्या माणसांना नोकरीत असताना नवे काय आणि कसे शिकवायचे याचा विचार करणाऱ्या संस्था इतक्या दाटीने देशात दुसरीकडे क्वचितच सापडतील.

याच पट्ट्यातली तीन माणसे घेऊ. आयआयटीतल्या प्राध्यापकाला दर तीन वर्षांच्या गटासाठी तीन लाख रुपयांपर्यंतचा व्यावसायिक विकास भत्ता मिळतो. देशातल्या वा परदेशातल्या परिषदेला जाणे, व्यावसायिक संस्थांची वर्गणी, कामापुरता किरकोळ खर्च, हे सगळे त्यातून भागते. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी, २००९ मध्ये, केंद्रीय तंत्रशिक्षण संस्थांसाठी ही सोय झाली. जेएनयूतल्या किंवा दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचा पगारही बहुतेक ठिकाणी त्याच केंद्र सरकारच्या पैशातून होतो, वेतन आयोगही तोच. पण त्याच्या नावावर अशी हक्काची रक्कम नाही. अर्ज करायचा, निधी असला तर मिळेल. तिसरा माणूस त्याच महाविद्यालयाच्या लेखा विभागातला सहायक. त्याला अर्ज कुठे करायचा हेही ठाऊक नसते, कारण बहुतेक ठिकाणी तशी जागाच नाही.

विद्यापीठातल्या माणसांच्या व्यावसायिक विकासासाठी पैसा नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात पाहिले तर ती तक्रार अर्धीच खरी आहे. पैसा येतो. पण तो योजनेच्या नावाने येतो, प्रशिक्षण केंद्राच्या नावाने येतो, बढतीच्या अटीच्या मागून येतो. माणसाच्या नावाने तो फार थोड्या ठिकाणी येतो. सगळ्या प्रश्नाची गाठ मला इथेच दिसते.

या गोष्टीची सुरुवात मराठी वाचकाच्या ओळखीच्या नावांपासून होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसीचा) कायदा १९५६ साली झाला, आणि त्या काळात आयोगाची धुरा चिंतामणराव देशमुखांकडे होती. पुढे १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्यानंतर आयोगावर आलेल्या दौलतसिंह कोठारींच्या काळात, १९६३ पासून, अमेरिकेच्या मदतीने विज्ञान शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले. प्राध्यापकानेही सुट्टीत विद्यार्थी होऊन बसावे ही कल्पना त्या वर्गांनी रुजवली. १९६४ ते १९६६ या काळातल्या शिक्षण आयोगाचे, म्हणजे कोठारी आयोगाचे, सदस्य-सचिव होते कोल्हापूरचे जे. पी. नाईक. नव्याने लागलेल्या अध्यापकासाठी काही आठवड्यांचे उद्बोधन वर्ग घ्यावेत, आणि मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमचे ‘स्टाफ कॉलेज’ काढावे, ही शिफारस त्या अहवालात आहे. सरकारने ती अमलात आणायला वीस वर्षे घेतली.

मधल्या काळात पैसा आला तो प्रकल्पांच्या रूपाने. १९७० नंतरचे ‘कोसिप’, म्हणजे महाविद्यालयीन विज्ञान सुधार कार्यक्रम, महाराष्ट्रातल्या जुन्या विज्ञान प्राध्यापकांना आजही आठवते. आणि एफआयपी, म्हणजे ‘फॅकल्टी इम्प्रूव्हमेंट प्रोग्राम’, तर घराघरात माहीत होते. महाविद्यालयातल्या अध्यापकाने पूर्ण पगारी रजेवर जाऊन एम.फिल. किंवा पीएच.डी. करायची, आणि त्याच्या जागी येणाऱ्या बदली अध्यापकाचा पगार यूजीसीने द्यायचा, अशी ती योजना. तालुक्याच्या गावातल्या किती तरी प्राध्यापकांना संशोधनाचे दार त्यामुळे उघडले. या योजनेत एक शहाणपण होते. माणूस शिकायला गेला की त्याचे काम कोण करणार, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात पैशांसकट दिलेले होते. आज प्रशिक्षणाच्या योजना आखताना हाच प्रश्न सर्वात आधी विसरला जातो. बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली, पंचवार्षिक योजनांची पद्धतच थांबली, आणि योजनेच्या पैशावर उभे असलेले असे बरेच काही तिच्याबरोबर गेले.

स्टाफ कॉलेजे अखेर १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आली. अकॅडमिक स्टाफ कॉलेज असे त्यांचे नाव होते आणि खर्च यूजीसीचा. दिल्लीत जेएनयू आणि जामिया मिलियात ती निघाली, आणि दिल्ली विद्यापीठात हेच काम उच्च शिक्षणातील व्यावसायिक विकासाचे केंद्र करू लागले. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद, अमरावती इथेही अशी केंद्रे झाली. येणाऱ्या अध्यापकाचा प्रवासखर्च, राहणे, जेवण यांची सोय असे. नांदेडचा इतिहासाचा अध्यापक, मणिपूरची राज्यशास्त्राची अध्यापिका आणि दिल्लीचा एखादा समाजशास्त्रज्ञ तीन-चार आठवडे एकाच वसतिगृहात राहत. व्याख्याने कधी चांगली, कधी कंटाळवाणी असत; पण ग्रंथालयात घालवलेला वेळ आणि संध्याकाळच्या गप्पा यांतून जे मिळे त्याची किंमत कुठल्याही हिशेबात दाखवता येत नाही. जेएनयूत रिफ्रेशर, म्हणजे विषयाचा उजळणी वर्ग, मिळाला म्हणून आनंदाने राजधानीची गाडी पकडणारे प्राध्यापक मराठवाड्यात आणि विदर्भात पुष्कळ होते.

पण याच सुमारास प्रशिक्षणाची सांगड बढतीशी घातली गेली. वरच्या वेतनश्रेणीत जायचे तर ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर झालेला हवा. हेतू चांगला होता: सरकार पैसे देते, तर माणसाने शिकले पाहिजे. परिणाम मात्र वेगळा झाला. जागा कमी आणि गरजू जास्त, म्हणून स्थाननिश्चिती अडून राहिली. वर्ग पूर्ण करण्याची मुदत यूजीसीला पुन्हा पुन्हा वाढवावी लागली आणि शेवटी ती ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत गेली. ज्याची बढती जवळ आली तो धावत येई, ज्याची झाली तो फिरकत नसे. सर्वात वरच्या श्रेणीत पोचलेल्या प्राध्यापकाला पुढची पंधरा वर्षे काही नवे शिकायचे कारणच व्यवस्थेने ठेवले नाही. जुलै २०१८ च्या नियमावलीत रिफ्रेशरला पर्याय म्हणून पाच दिवसांचा वर्ग किंवा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रमही चालतो असे झाले. मग जे स्वस्त आणि सोपे तेच निवडले जाणार. त्याचा दोष अध्यापकांना देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या माणसाला स्वतःच्या गरजेचे शिकायला पैसे मिळत नाहीत, तो नियमाने मागितलेले प्रमाणपत्र आणून देतो आणि आपल्या कामाला लागतो.

डिसेंबर २०१४ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नावाने अध्यापकांसाठीचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. बाराव्या योजनेसाठी त्याला ९०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. २०१५ मध्ये स्टाफ कॉलेजांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले. अभियानातून दिल्लीच्या महाविद्यालयांतही केंद्रे निघाली: रामानुजन महाविद्यालयात, श्री गुरु तेगबहादूर खालसा महाविद्यालयात, हंसराजमध्ये. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा या केंद्रांनी ऑनलाइन वर्ग धडाक्याने चालवले. देशभरचे अध्यापक त्यांत सामील झाले, महाराष्ट्रातलेही. त्या दिवसांत ऑनलाइन शिकवायचे कसे हे कोणालाच येत नव्हते, आणि या वर्गांनी अनेकांना तारले, हे मान्य केले पाहिजे.

त्याच वेळी खर्चाची बाजू मात्र हळूच उलटली. पूर्वी प्रशिक्षण केंद्र अध्यापकाला प्रवासखर्च देत असे. आता अनेक वर्गांना अध्यापकच शुल्क भरू लागला. कायम प्राध्यापकाला हजार-दीड हजार रुपये जड नाहीत. पण दिल्ली विद्यापीठात त्या काळी हजारो अध्यापक ‘अॅड-हॉक’ होते, चार-चार महिन्यांच्या नेमणुकांवर वर्षानुवर्षे. डिसेंबर २०१९ मधले डूटाचे, म्हणजे दिल्ली विद्यापीठाच्या अध्यापक संघटनेचे, मोठे आंदोलन त्यांच्याच नोकरीसाठी झाले. अतिथी अध्यापकाला यूजीसीच्या २०१९ च्या दराने तासाला १,५०० रुपये मिळतात, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० आणि तेही तास झाले तर. कायम होण्यासाठीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रे दाखवावी लागतात म्हणून हे लोक स्वतःच्या खिशातून शिकत राहिले. आपल्याकडच्या सीएचबीवाल्यांची, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांची, हीच कथा आहे. ज्याला शिकण्याची सर्वात जास्त गरज, त्याच्यासाठी तरतूद सर्वात कमी, हा या क्षेत्रातला कायमचा अन्याय आहे.

५ सप्टेंबर २०२३ रोजी सगळ्या धाग्यांची एक गाठ बांधून ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम’ जाहीर झाला. १११ केंद्रे आणि उच्च शिक्षणातल्या १५ लाख अध्यापकांचे लक्ष्य. विषयांची आठ सूत्रे ठरली: बहुविद्याशाखीय शिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, नेतृत्व व प्रशासन, समाज, संशोधन, कौशल्ये, विद्यार्थ्यांची विविधता, माहिती तंत्रज्ञान. यादी वाईट नाही. विद्यार्थ्यांच्या विविधतेवर अध्यापकांशी बोलले जावे याची तर दिल्लीतल्या वर्गांना फार गरज आहे. अडचण अशी की कोणी काय शिकावे हे वरून ठरते. चौथ्या वर्षाचा नवा अभ्यासक्रम दिल्ली विद्यापीठात आला, त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांकडून संशोधन प्रबंध करून घ्यायचे आहेत. एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापिकेला त्यासाठी नवे सांख्यिकी सॉफ्टवेअर शिकायचे असेल, किंवा दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पंधरा दिवस काम करायचे असेल, तर ते आठ सूत्रांपैकी कशात बसवायचे? तिला काय शिकायचे आहे हे तिलाच माहीत आहे. तिने सांगितलेल्या गोष्टीवर खर्च करण्याची वाट कुठेच नाही.

ऑनलाइनबद्दल मात्र सरसकट नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. महिनाभर घर सोडून दुसऱ्या शहरात राहणे लहान मुले असलेल्या किंवा घरी आजारी माणूस असलेल्या अध्यापिकेला जमत नसे. कित्येकींची बढती त्यामुळे वर्षानुवर्षे लांबली. संगणकासमोरच्या वर्गाने त्यांची सोय केली. पण संगणकासमोर बसलेल्या अध्यापकाला त्या वेळी महाविद्यालयाच्या कामातून मोकळे केले जात नाही, हे त्याहून वाईट झाले. परीक्षेची ड्यूटी करत, उत्तरपत्रिका तपासत, एका खिडकीत व्याख्यान चालू ठेवायचे. यूजीसीच्या नियमांत अशा कामांसाठी वर्षाला तीस दिवसांपर्यंत कर्तव्य रजा आहे. पण रजा मिळाली तरी तास कोण घेणार, याला पैसे नाहीत. एफआयपीने जे उत्तर दिले होते ते आता कोणाजवळ नाही.

महाविद्यालयाच्या हिशेबात हे कसे दिसते ते पाहण्यासारखे आहे. केंद्राचे अनुदान तीन शीर्षांखाली येते: ३६ म्हणजे पगार, ३५ म्हणजे इमारत-उपकरणांसारखी भांडवली कामे, आणि ३१ म्हणजे उरलेले सगळे. प्राध्यापकाला परिषदेला पाठवायचे किंवा कर्मचाऱ्याला शिकायला पाठवायचे, तर तो खर्च या ३१ मध्ये बसवावा लागतो. तिथेच वीज, पाणी, सफाई, सुरक्षा, देखभाल उभी असते. विजेचे बिल थकवता येत नाही, प्रशिक्षण पुढच्या वर्षावर टाकता येते. प्राचार्यांना दोष देण्यात अर्थ नाही. असे शीर्ष आखले की निकाल आधीच ठरलेला असतो. दिल्ली सरकारच्या पूर्ण अनुदानावर चालणारी बारा महाविद्यालये तर पगार वेळेवर होण्यासाठीच अनेक वर्षे झगडत आली आहेत. तिथे प्रशिक्षणाची गोष्ट काढायची कोणी?

राजधानी क्षेत्राच्या कडेला हरियाणात रोहतकचे महर्षी दयानंद विद्यापीठ आहे, उत्तर प्रदेशात मेरठचे चौधरी चरणसिंह विद्यापीठ आहे, दिल्लीतच द्वारकेला इंद्रप्रस्थ विद्यापीठ आहे. त्यांचे पैसे राज्यांच्या तिजोरीतून येतात किंवा संलग्न महाविद्यालयांच्या शुल्कातून, आणि प्रशिक्षणाला वाटा आणखी बारीक होतो. सोनीपत, नोएडा, ग्रेटर नोएडा इथल्या खासगी विद्यापीठांपैकी मोजकी श्रीमंत विद्यापीठे अध्यापकांना संशोधन-प्रवासासाठी चांगली रक्कम देतात. बाकीच्यांत नोकरीचीच शाश्वती नाही.

आता त्या तिसऱ्या माणसाकडे वळू. देशाच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीप्रमाणे २०२१-२२ मध्ये सुमारे १६ लाख अध्यापक होते आणि सुमारे १२ लाख शिक्षकेतर कर्मचारी. मालवीय मिशनचे १५ लाखांचे लक्ष्य जवळपास सगळ्या अध्यापकांना कवेत घेते. १२ लाखांसाठी तशा आकाराचे काही नाही. स्टाफ कॉलेजांच्या काळात शिक्षकेतरांसाठी आठवड्याभराचे काही वर्ग होत, पण ते मुख्य कामाच्या उरल्यासुरल्या वेळात.

या लोकांच्या कामात गेल्या दहा वर्षांत जेवढा बदल झाला तेवढा अध्यापकांच्या कामात क्वचित झाला असेल. ऑगस्ट २०१६ मध्ये सरकारी खरेदीचे जेम पोर्टल आले. टेबलखुर्च्यांपासून काचसामानापर्यंत सगळे त्यावरून घ्यायचे. २०१७ मध्ये नवे सामान्य वित्तीय नियम आले. पैशाचा प्रवास पीएफएमएस या सरकारी वित्त-प्रणालीवर नोंदवायचा. २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, २०२२ मध्ये प्रवेशासाठी सीयूईटी आली. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातच तयार झालेली ‘समर्थ’ ही प्रणाली प्रवेशापासून पगारापर्यंत सगळीकडे शिरली. शिवाय मूल्यांकनासाठी नॅकची आणि क्रमवारीसाठी एनआयआरएफची आकडेवारी. टंकलेखनाच्या परीक्षेवर नोकरीला लागलेला माणूस हे सगळे शिकला तो शेजारच्या टेबलावरच्या तरुण सहकाऱ्याला विचारून, यूट्यूब पाहून, चुका करून आणि त्या चुकांबद्दल लेखापरीक्षणात बोलणी खाऊन. प्रयोगशाळा सहायकाचे तेच. लाखो रुपयांचे उपकरण ३५ शीर्षातून येते, ते चालवायला शिकायचा खर्च ३१ मध्ये अडकतो, आणि उपकरण कपाटात बंद राहते. बाहेरच्या एजन्सीमार्फत आलेले कंत्राटी कर्मचारी तर कोणाच्याच यादीत नाहीत, आणि अनेक कार्यालये आज त्यांच्या जोरावर चालतात.

केंद्राने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केलेले ‘मिशन कर्मयोगी’ या बाबतीत उपयोगी आहे. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत ५१०.८६ कोटी रुपये, म्हणजे माणशी पाच वर्षांत अकराशे रुपयांच्या आसपास. त्यातून आयगॉट हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ उभे राहिले. पण पोर्टलवरचा धडा आणि माणसासमोर बसून सोडवलेली अडचण यांत फरक असतो. वित्तीय नियम शिकवणारी अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्था फरिदाबादेत आहे, सार्वजनिक प्रशासनाची आयआयपीए इंद्रप्रस्थ इस्टेटमध्ये आहे, दोन्ही मेट्रोच्या अंतरावर. दिल्लीच्या महाविद्यालयातल्या लेखा सहायकाला तिथे पाठवण्यासाठी लागतात ते शुल्क आणि आठवडाभराचा बदली माणूस.

उपाय नवा शोधायला नको. फ्रान्समध्ये अकरा किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीला वेतनखर्चाचा १ टक्का प्रशिक्षणासाठी भरावा लागतो, आणि पूर्णवेळ कामगाराच्या व्यक्तिगत खात्यात वर्षाला ५०० युरो जमा होतात, साधारण ५,००० युरोंच्या मर्यादेपर्यंत. काय शिकायचे ते तो ठरवतो. सिंगापूरने २०१६ मध्ये पंचवीस वर्षे आणि त्यावरच्या प्रत्येक नागरिकाला त्याच्या नावावर ५०० सिंगापूर डॉलरचे शिक्षणखाते दिले. आणि आपल्याच देशात, हौज खासला, आयआयटीचा भत्ता पंधराहून अधिक वर्षे चालू आहे. बिले द्यावी लागतात, लेखापरीक्षण होते, रक्कम बुडाली असे कोणी म्हणत नाही. उधळपट्टी होईल ही भीती दाखवणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

असे व्यक्तिगत खाते इथे काढायचे तर किती लागेल, याचा साधा हिशेब करू. सरासरी पगार महिना एक लाख धरला, तर १ टक्का म्हणजे माणशी महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार रुपये. तीन वर्षे साठवू दिले तर छत्तीस हजार. आयआयटीच्या तीन लाखांपुढे ही रक्कम लहान आहे. पण तेवढ्यात दुसऱ्या शहरातला पंधरा दिवसांचा वर्ग होतो, परिषदेची नोंदणी होते, फरिदाबादचे शुल्क भरता येते. अट एकच ठेवावी: खाते अध्यापकाचे असो, ग्रंथपालाचे असो की प्रयोगशाळा सहायकाचे, टक्केवारी तीच, आणि कंत्राटी व अतिथी अध्यापकांनाही त्यात घ्यावे. हा पैसा ३१ शीर्षातून बाहेर काढून स्वतंत्र शीर्षाखाली ठेवला पाहिजे. तसे केले नाही तर तो विजेच्या बिलात जाईल. केंद्रे बंद करावीत असे मी म्हणत नाही. जेएनयू, जामिया, दिल्ली विद्यापीठाची केंद्रे चालूच राहावीत. फक्त माणसे त्यांच्याकडे अटीपायी न येता हातात पैसा घेऊन, निवड करून येऊ द्यावीत. मग चांगले केंद्र भरेल आणि वाईट केंद्राला सुधारावे लागेल.

संधी समोर आहे. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा केंद्रीय वेतन आयोग काम करतो आहे. विद्यापीठांच्या वेतनाचा विचार सातव्या आयोगाच्या वेळी व्ही. एस. चौहान समितीने वेगळा केला होता. या वेळीही तसा होण्याची शक्यता आहे. डूटाने आणि कर्मचारी संघटनांनी पगाराच्या मागणीबरोबर व्यक्तिगत विकासखात्याची मागणी एकत्र मांडावी. महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांच्या महासंघाने, एमफुक्टोनेही, ती उचलावी. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी जे अधिसभेवर आहेत त्यांनी आपल्या विद्यापीठाचे पुढचे अंदाजपत्रक समोर येईल तेव्हा दोन आकडे मागावेत: अध्यापकांच्या प्रशिक्षणावर गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, आणि शिक्षकेतरांच्या प्रशिक्षणावर किती.